पाचशेच्या स्टँपवर घर विकत मिळत नाही

कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘गावचं घर घ्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करा, घरपट्टी नावावर चढवा. वकील सर्च रिपोर्टचे फुकट पैसे काढतात.’ यावर विसंबून आयुष्यभराची पुंजी कोणी देऊ नये, म्हणून हे सविस्तर.

‘नोटरी पुरते.’ नाही पुरत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं. पाचशेचा आकडा बहुधा हक्कसोडपत्रावरून आला असावा. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा बहिणीने भावासाठी विनामोबदला सोडला, तर तेवढा मुद्रांक चालतो. पण ते घरातल्या घरात, आणि त्याचीही नोंदणी करावीच लागते.

‘घरपट्टी नावावर म्हणजे घर नावावर.’ कोकणात माणूस सर्वांत जास्त फसतो तो इथे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. घराखालची जमीन असते सातबाऱ्यावर, आणि तिथे आजोबांच्या मागे लागलेली दहा-बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. एकट्याने खरेदीखत दिलं तर तुम्हाला मिळतो फक्त त्याचा अविभक्त हिस्सा. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबाही मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४). वाटपाचा दावा लावलात, तर १८९३ च्या वाटप कायद्याने बाकीचे हिस्सेदार तोच हिस्सा विकत मागू शकतात. म्हणून बयाणा देण्याआधी मयतांची वारस नोंद आणि सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी तयारी बघा. जो सहीला येऊ शकत नाही, त्याचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र हवं.

‘सर्च (मिळकतीच्या जुन्या कागदांची तपासणी) फुकट जातो.’ डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, हे खरं. वकिलाची फी कागद वाचण्याची असते: ३० वर्षांची सूची २ (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा), जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) आणि सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’चा रकाना. कूळ, बोजा (कर्ज), भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल तर तो या कागदांतच सापडतो.

आता पैसे. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,०००. म्हणजे २० लाखांच्या घराला २०,०००, ४५ लाखांच्या घराला ३०,०००. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं, त्यामुळे दस्तात कमी आकडा घालून ते मूल्यांकनाखाली जात नाही. दर गावाप्रमाणे बदलतो, निबंधक कार्यालयात आधी विचारा. राहतं घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर १ टक्का सवलत आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर हा खर्च खरेदीदाराचा.

दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला न्यावा. उशीर झाला तर पुढचे ४ महिने मिळू शकतात, पण फीच्या दहापटीपर्यंत दंड बसतो. नोंदणीनंतर फेरफार धरला गेला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. ती मुदत संपून फेरफार मंजूर झाला का, हे नवा सातबारा काढून स्वतः पाहा.