हद्दीचं तेवढं बघा

मोबाइल कंपन्या एकमेकींत विरघळतात आणि तुम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या गच्चीवर टाकीला टेकून "हॅलो, हॅलो" करत बसता, म्हणून चिडलाय? चिडू नका. आधी हद्द बघा, म्हणजे कुणाचा अधिकार कुठवर ते. शहराची हद्दवाढ पाहिजे आणि हद्दवाढ नको, दोन्ही मोर्चे बघत म्हाताऱ्या झालेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

दोन कंपन्या एक होणार अशी बातमी आली की निर्धास्त झोपा. बघणारे पुष्कळ आहेत. व्होडाफोन आणि आयडियाचंच घ्या. मार्च २०१७ मध्ये घोषणा झाली, जुलैत स्पर्धा आयोगाचा, म्हणजे बाजारात मक्तेदारी होऊ नये हे बघणाऱ्यांचा, होकार आला. दोन तगड्या कंपन्यांची एक झाली तरी स्पर्धेला काही होत नाही, हे चार महिन्यांत ठरलं. खासबागेत दोन पैलवान एकाच लंगोटात शिरले असते, तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. पण आपलं गाव पडलं अडाणी.

पुढची खिडकी दूरसंचार खात्याची. तिथं स्पर्धेचा नाही, येणे असलेल्या पैशांचा हिशेब. खात्यानं सात हजार कोटींहून जास्त मागितले आणि कंपन्यांनी ते 'निषेध नोंदवून' भरले. (हा प्रयोग रिचार्जच्या दुकानात करू नका. मी केला. दुकानदार म्हणाला, "निषेध नोंदवा की भावा, पण आधी स्कॅन करा.") मग विलीनीकरणावर शेवटचा शिक्का मारणारं कंपनी न्यायाधिकरण, आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला कार्य सिद्धीस. सतरा महिने, इतके शिक्के, चाळीस कोटी ग्राहक. त्यातल्या एकालाही कुणी फोन करून विचारलं नाही. रेंज नसेल.

कुणी म्हणेल, मक्तेदारी झाली तर? त्याचीही सोय आहे. खात्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे एका सर्कलमध्ये नव्या कंपनीकडं निम्म्याहून जास्त ग्राहक किंवा महसूल गोळा झाला, तर वर्षभरात तो खाली आणायचा. आता सर्कल म्हणजे काय, तर मुंबई वगळून अख्खा महाराष्ट्र, वर गोवा. म्हणजे तुमची गच्ची, गडचिरोली आणि पणजी एकाच पातेल्यात. पणजीला चार कंपन्या भांडत असल्या तर मंगळवार पेठेतही स्पर्धा जोरात आहे असं धरून चाला, आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून बघा.

आता ट्राय, म्हणजे दूरसंचार क्षेत्राचं नियामक प्राधिकरण, मोठं की स्पर्धा आयोग, असा प्रश्न पडला तर लाजू नका, तो सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. जुन्या कंपन्या आमचे कॉल नीट जोडून घेत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. आयोगानं चौकशी लावली, मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधी ट्रायनं आपल्या हद्दीतलं ठरवावं, मग आयोगानं आत यावं. रांग लागली, भांडण मिटलं. तुम्हीही त्या रांगेत जाऊ शकता, फक्त एवढं लक्षात ठेवा: ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, आणि दर किती ठेवायचे ते बहुतेक कंपन्यांवरच सोडलेलं आहे. स्पर्धा असली की दर आपोआप ताळ्यावर राहतात, असा त्यामागचा हिशेब. २०२४ च्या जुलैत दोन कंपन्यांनी ३ तारखेपासून दर वाढवले, तिसरीनं ४ तारखेपासून. अख्ख्या एका दिवसाची स्पर्धा! आणखी काय पाहिजे?

तरी समाधान होत नसेल, तर बिंदू चौकाच्या अलीकडं आमच्या रिचार्जवाल्याचं शटर बघून या. रंगाचे पोपडे निघालेत. लालखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा, आणि कोपऱ्यात टाटा डोकोमोचं अर्धं अक्षर. युनिनॉर, एअरसेल यांच्या पाट्यांचे नुसते खिळे राहिलेत. परवा शटर नव्यानं रंगवून घ्या म्हटलं, तर तो म्हणाला, "थांबा की जरा. तीन राहिल्यात अजून."