जिन्यावरची धिंड

गुरुवारी पुण्यात पाणी बंद होतं. पेपरात नेहमीचं वाक्य होतंच : 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' शुक्रवारी सकाळी मी मोरीतला नळ सोडून पाहिला. तो नुसता खाकरला. त्याला तसाच खाकरत ठेवून मी ऑफिसला गेलो. घरात कोणी नव्हतं.

पाणी अकराला आलं. चांगल्या दणदणीत दाबाने.

बाराला बायकोचा फोन. "लवकर या. शोभा झालीये." मराठीत मांडवाला शोभा येते आणि माणसाची शोभा होते, सगळा खेळ क्रियापदाचा. मी रिक्षा केली.

शेजाऱ्यांनी हिला बँकेतून बोलावून घेतलं होतं. हिने दार उघडलं तेव्हा आत तुंबलेलं पाणी आणि माझा बनियन बरोबरच बाहेर पडले, आणि तीन जिने उतरून पार्किंगपर्यंत गेले. बनियनला भोकं किती, हे आजवर आमच्या दोघांतलं गुपित होतं.

मी पोचलो तेव्हा वॉचमनकाकांनी तो खराट्याच्या दांड्यावर उचलून धरला होता. "साहेब, आपलाच ना?" नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे खराटा, त्यावर बनियन, मागे मी, आणि प्रत्येक मजल्यावर दारात उभी बिऱ्हाडं. पूर्वी गुन्हेगाराला तोंडाला काळं फासून, गळ्यात चपलांची माळ घालून गाढवावर उलटं बसवत आणि गावभर फिरवत, ती धिंड. फजिती बंद खोलीत एकट्याचीही होते, पचका चार मित्रांत उरकतो, धिंडीला मात्र रस्ता आणि बघे लागतात. माझ्या धिंडीला रस्त्याच्या जागी जिना होता एवढंच. गाढवाचं काम मीच पाहिलं.

"बाबा, पोपट झाला!" शाळेतून आल्या आल्या चिरंजीव. संध्याकाळी आई मावशीकडून आली. खालच्या काकूंनी तिला फाटकातच गाठलं होतं. "अब्रूचे धिंडवडे काढलेस रे!"

फरशी पुसता पुसता मी तिला सांगितलं, की अब्रू हा शब्द फारसी 'आब-रू'वरून आलाय. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी.

"असेल," आई म्हणाली. "कपाटाखालचं राहिलंय बघ."