उणे पंचवीस टक्के पुरावा

नववीच्या वर्गात निबंधाच्या तासाला फळ्यावर ‘आपली भूमिका पुराव्यासह मांडा’ असं लिहिलं की दहा मिनिटं शांततेत जातात. अकराव्या मिनिटाला मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘सर, आजच्या धकाधकीच्या जीवनात, असं सुरू केलं तर चालतंय का?’ चालत नाही. पण निम्म्या वह्यांत तोवर ते लिहून झालेलं असतं, तेही चमचमत्या पेनानं.

दुसरं हमखास वाक्य म्हणजे ‘पाणी वाचवले पाहिजे’. याच्या विरोधात बोलणारा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून दाखवा! ज्या वाक्याशी भांडायला कुणी उभंच राहत नाही, ती भूमिका नव्हे, सुविचार. त्याची जागा फळ्याच्या कोपऱ्यात, तारखेखाली. त्याऐवजी ‘सोलापुरात घरोघरी नळाला मीटर बसवून पाणीपट्टी वापराप्रमाणे घ्यावी’ हे वाक्य गल्लीत मोठ्यानं म्हणून बघा. ‘काय बे, याड लागलं का?’ असं दोन घरांतून तरी ऐकू आलं की विषय सापडला म्हणायचं. दावा एका वाक्यात बसला पाहिजे, आणि कुणी, कुठं, काय करायचं ते त्यात आलं पाहिजे. ‘घ्यावी असे काहींना वाटते’ हा दावा नाही, ही पळवाट आहे.

सहाशे शब्द मिळाले तर माझा हिशेब साधा आहे: दाव्याला ऐंशी, पुराव्याला अडीचशे, विरोधकाला शंभर, त्याच्या उत्तराला एकशेवीस आणि उरलेले पन्नास शेवटाला. मुलांचा हिशेब वेगळा. तीनशे शब्द प्रस्तावनेत, दोनशे ‘जल हेच जीवन’मध्ये, आणि पुराव्याच्या वेळेला घंटा.

पुरावा आलाच तर सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणावरून येतो. ‘उन्हाळ्यात उजनी उणे पंचवीस टक्क्यांवर जाते, म्हणजे धरणात थेंबही उरत नाही.’ वाचायला झणझणीत, पण साफ चूक. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं तळचं साडेत्रेसष्टच्या आसपास हे मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या पाण्यात जातं, आणि टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्यावर. उणे पंचवीस म्हणजे मृतसाठ्यातले तेरा-साडेतेरा टीएमसी वापरले गेले. खाली अजून पन्नास टीएमसी पाणी आहे. समोरच्याला हे ठाऊक असेल तर तुमची पुढची खरी वाक्यंही तो हसत हसत वाचणार. आकडा कितीही मोठा असो, कशाचे टक्के ते त्याच्यासोबत आलंच पाहिजे.

बरं, आकडा दुरुस्त केला तरी तो इथं उपयोगाचा नाही. धरण काठोकाठ भरलं तरी पाणी शंभराहून जास्त किलोमीटर जलवाहिनीतून, पंपातून, टाक्यांतून यायचं असतं. धरणात किती आहे यावरून घरात मीटर हवा की नको, हे ठरत नाही. खरा आकडा चुकीच्या जागी ठेवणं हा खोट्या आकड्यापेक्षा चिवट रोग आहे, कारण तो तपासला तर बरोबरच निघतो.

कामाचा पुरावा मोरीजवळ असतो. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी दरडोई, दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. घरात पाच माणसं आणि नळाला पाणी चार दिवसांनी, म्हणजे २,७०० लिटर. दोनशे लिटरचं बॅरल धरलं तर साडेतेरा बॅरल! आता घरातली बॅरलं मोजा. नवं पाणी आल्यावर शिळं किती ओतून दिलं, तेही बादलीनं मोजा आणि तारीख-वेळ लिहा. ‘शेजारचे काका म्हणतात’ हा पुरावा नाही. ‘पाच घरांत विचारलं, तिघांनी शिळं पाणी ओतल्याचं सांगितलं’ हा छोटा का होईना, पुरावा आहे. फक्त त्या पाच घरांचे ‘समस्त सोलापूरकर’ करू नका. ‘गुगल’ हा संदर्भ नव्हे. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लागते.

आकडा लिहून सोडून देणं म्हणजे भाजलेले शेंगदाणे ताटात ठेवून त्याला शेंगाचटणी म्हणणं. लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटत राहिलं की कुठं तेल सुटतं. प्रत्येक आकड्यानंतर ‘म्हणजे काय?’ आणि ‘मीटरशी त्याचा काय संबंध?’ याची दोन वाक्यं, एवढंच ते कुटणं. मोबाइलवरून उतरवलेला परिच्छेद मिक्सरमधल्या भुकटीसारखा कोरडा निघतो, आणि ते पहिल्या घासालाच कळतं.

सगळ्यात मोठी रड विरोधकाच्या परिच्छेदाची. मुलं बुजगावणं उभं करतात: ‘काही लोकांना पाणी वाया घालवायला आवडते.’ असा माणूस पाडायला काय लागतंय? खरा विरोधक एका खोलीत आठ माणसांचा संसार करतो आणि विचारतो, ‘सर, आमच्या नळाला आधी हवा येते, तिचं बिल कुणी भरायचं?’ त्याचं म्हणणं बरोबर आहे. पुरवठा बंद असताना नळ्या रिकाम्या होऊन हवेनं भरतात. पाणी सुटलं की ते हवा पुढं ढकलतं, आणि चाकाचा मीटर हवेवरही फिरतो.

अशा वेळी दावाच बदलावा लागतो: ‘पुरवठा रोजचा झाल्यावर मीटर लावावा, आणि माणशी ठरावीक लिटरपर्यंत दर नाममात्र ठेवावा.’ पोरांना ही हार वाटते. पहिलं वाक्य खोडायचं म्हणजे जिवावर येतं, कारण तेही चमचमत्या पेनानं लिहिलेलं असतं. माझे मार्क मात्र त्या खाडाखोडीलाच जास्त पडतात.

गृहपाठ म्हणून हा निबंध घरी गेला की चौथ्या परिच्छेदाशी स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पाणी आलंय, ऊठ की!’ वही उपडी टाकून पोरगं मोरीकडे पळतं. नळ फुस्स करतो, खोकतो, पुन्हा फुस्स करतो. बादली कोरडीच. घड्याळ लावून ते फुसफुसणं किती सेकंद चालतं ते मोजणारं पोर वर्गात एखादंच असतं.