पळसाचे ग्राह्य शास्त्रीय नाव
पळसावरील आपल्या लेखात त्याचे शास्त्रीय नाव ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ असे दिले आहे. जुन्या पुस्तकांत ते आढळते खरे, परंतु आज ग्राह्य नाव ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे आहे. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी पळसाला पांगाऱ्याच्या ‘एरिथ्रिना’ या वंशात (नावातला पहिला शब्द हा वंश दाखवतो) घालून ‘मोनोस्पर्मा’, म्हणजे एकच बी असलेला, म्हटले होते. पुढे वंश बदलला, तरी आधी प्रसिद्ध झालेले जातिनाम (नावातला दुसरा शब्द) टिकवावे या नियमाला धरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ टॉबर्ट यांनी १८९४ मध्ये ते ब्युटियाला जोडले. आमच्या यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला उन्हाळ्यात पळसाची चपटी, लवदार शेंग सहज हाती येते. तिच्यात बी एकच असते आणि तेही अगदी टोकाशी. इतके नेमके लक्षण सांगणारे नाव लेखात यायलाच हवे, म्हणून कृपया दुरुस्ती करावी.