टॅपेट, तीन पाने आणि आईची चिमटी

आमच्या घरात बाबांची 1986 ची बुलेट आहे, जुनी बिडाच्या सिलेंडरची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. ही गाडी गेले दोन महिने कट कट कट कट असं वाजायला लागली होती. म्हणजे बुलेटच्या धडधडीत तसं काही लपत नाही असं नाही, पण हा आवाज वेगळा, शिवणयंत्रावर कुणीतरी रागारागाने गोधडी शिवतंय असा. बायको म्हणाली, सकाळी सहाला तुम्ही गाडी काढता ते अख्ख्या गल्लीला कळतं. आणि आमचे मिस्त्री नेमके पोराच्या लग्नासाठी गावी गेलेले, पंधरा दिवस काय येत नाहीत.

मी फोन केला तर मागे सनई वाजत होती. "टॅपेट सेट करायला पाहिजे. सोप्पं आहे, तुमीच करा," म्हणाले आणि फोन ठेवला. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनातली झडप) उघडणाऱ्या दांड्याला खालून ढकलणारा तुकडा. हे "सोप्पं आहे" ज्याने आयुष्यभर तेच केलंय त्याने दुसऱ्याला सांगू नये असा कायदा पाहिजे.

मग दोन रात्री व्हिडिओ बघितले, एक फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, विकत आणला (पत्त्यांसारखा उघडतो, फार छान वाटतं हातात धरून) आणि रविवारी सकाळी मेन स्टँडवर गाडी घेऊन अंगणात बसलो. इंजिन थंडगार पाहिजे म्हणून आदल्या रात्रीपासून गाडीला कुणाला हात लावू दिला नव्हता. बाबा व्हरांड्यात पेपर घेऊन बसले आणि सुरुवातीलाच म्हणाले, "मी काही बोलणार नाही." हे ते दर पाच मिनिटांनी बोलत होते.

तर प्रकार असा की सिलेंडरच्या पायथ्याशी उजव्या बाजूला एक झाकण असतं, ते काढलं की आत दोन पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या त्या दांड्यांची, खालची टोकं दिसतात, एक इनटेकची (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची), एक एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्याची). प्लग काढायचा, टॉप गिअर टाकायचा, मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन वर आणायचा आणि मग या रॉडमधला गॅप बघायचा. गेज काढला तर तो घालायला जागाच नाही. कारण या इंजिनात गॅप मोजायचाच नसतो, शून्य ठेवायचा असतो! रॉड चिमटीत धरून गरगर फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र हलला नाही पाहिजे, बास. साडेतीनशे रुपयांचा गेज मी गुपचूप खिशात घातला.

आता तीन पाने (स्पॅनर) लागतात. एकाने खालचा टॅपेट धरायचा, दुसऱ्याने गॅप कमी-जास्त करणारा ॲडजस्टर, तिसऱ्याने तो जागेवर पक्का करणारा मधला लॉकनट. हात दोन. आणि सेटिंग एकदम बरोबर झालं की लॉकनट आवळताना ते हमखास हलतं, म्हणजे परत पहिल्यापासून, असं मी मोजून अकरा वेळा केलं आणि बोटाची सालं काढून घेतली. शेवटी झालं. किक मारली. गाडी चालू झाली आणि शिवणयंत्राच्या जागी आता ताशा वाजत होता.

तेवढ्यात शेजारचे काका आले, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आवाज ऐकून चहा टाकून आले म्हणाले. "लेका, पिस्टन वर दोनदा येतो. तू कुठल्या वेळचा धरलास?"

झालं. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे आतली हवा दाबताना, वर येतो तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि एकदा एक्झॉस्ट संपताना वर येतो तेव्हा दोन्ही थोडे थोडे उघडे. मी त्या उघड्यावर शून्य सेट केलं होतं, म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्यावर गॅप केवढा पडला असेल! काकांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला लावला, चाक फिरवलं, हवेने अंगठा ढकलला. "हा धर."

इंजिन थंड होईपर्यंत जेवून घेतलं. दुपारी परत बसलो आणि या वेळी आवाज यायलाच नको म्हणून जरा हात राखून, म्हणजे खरं तर न राखता आवळलं. किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली. कॉम्प्रेशनच नाही. नुसतं फुस्स. काका ओरडले, "व्हॉल्व्ह टेकतच नाही ना सीटवर! एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह टेकतो तेव्हाच त्याची उष्णता सीटमध्ये जाते, अर्धवट उघडा राहिला तर कडेने जळतो. आवाज करणारा परवडला, हा मुका जाळून ठेवतो."

"मी काही बोलणार नाही," व्हरांड्यातून.

आता मला फिरणं म्हणजे किती फिरणं हेच कळेना. काका म्हणत सैल, मला वाटे घट्ट, बोटं तर ऑईलने बधीर झालेली. आई तुळशीला पाणी घालून चालली होती, ती थांबली. "काय फिरवायचंय?" म्हणून खाली बसली आणि दोन बोटात रॉड धरला. रोज देवासाठी वाती वळणारी बोटं ती. "हा घट्ट आहे रे. जरा सोड... अजून... हां, आता आवळ." आवळल्यावर परत बघितलं, "हलला, पुन्हा कर." दोन्ही रॉड तिच्याकडून पास करून घेतले, काका नुसते बघत राहिले.

तिसऱ्या किकला गाडी चालू. धड धड धड, आणि खाली बारीकशी टिक टिक, तेवढी पाहिजेच म्हणे. बाबांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

आई राखुंडीने हात घासत होती. संध्याकाळी भजनाहून आली आणि म्हणाली, पलीकडच्या काकू विचारत होत्या त्यांच्या मुलाच्या स्प्लेंडरचं जमेल का. मी म्हटलं, आई, तिचं वरच्या बाजूला असतं, त्याला चिमटी चालत नाही, गेज लागतो.

"मग तो तुझ्या खिशातला दे की."