मुलींचं सगळं फुकट? आधी कॅपचा फॉर्म दाखवा

राजेहो, मुलींचं सगळं शिक्षण फुकट झालं असं सांगणारा एक मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला अकरा जणांनी पाठवला. दहा वेळा वाचून सोडून दिला. अकराव्यांदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, पहाटे पावणेसहाला, आणि पाठवणारे आमचे भाऊजी. त्यांची पोट्टी, म्हणजे माझी भाची, यंदा बारावी सायन्स झाली. म्हणून लिहायला बसलो.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जून ते सप्टेंबर अ‍ॅडमिशन, शिष्यवृत्ती आणि दाखले, बाकी वर्षभर सातबारा, पीकविमा आणि झेरॉक्स. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण या मेसेजमुळे कोणाचं किती नुकसान होते ते माझ्या काउंटरवर रोज दिसते.

मेसेज लांबलचक आहे, त्यातला ऐवज एवढाच. एक, सरकारनं मुलींचं सगळं शिक्षण फुकट केलं आहे, तेव्हा कॅप राऊंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, भानगडीत न पडता आवडेल त्या कॉलेजात थेट सीट घ्या. दोन, मागासवर्गीयांच्या पोरांना एक रुपया लागत नाही, सगळी कॉलेजं त्यांनीच भरली. तीन, ओपनच्या गरीब शेतकऱ्याला दमडी मिळत नाही. चार, वावर गहाण ठेवल्याशिवाय बँक शिक्षणाला कर्ज देत नाही. पाच, एवढं करून डिग्रीला कोणी विचारत नाही, पोट्ट्यांना पुण्याच्या कंपनीत पाठवा. शेवटी हात जोडलेले तीन चिन्हं आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात अर्ध खरं आहे. त्याच दिवशी दुपारी भाऊजी दुकानावर आले. गाडी उभी करायच्या आधीच म्हणाले, “झालं काम, पोट्टीची सीट पक्की केली. दहा हजार टोकन देल्लं.” कोणाला? एका एजंटला. त्यानं कुठल्याशा खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून जागा मिळवून देतो म्हणून सांगितलेलं. मी विचारलं, “भाऊजी, कॅपचा फॉर्म भरला का?” तर म्हणतात, “काहून भरू? मुलीइले समदं फुकट हाये ना आता!”

आता नीट ऐका. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, आणि तो खरा आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. एवढं मेसेजवाल्याचं मान्य. पण त्याच निर्णयात लिहिलं आहे की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेली सीट असेल तर माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून बाहेर. म्हणजे ज्या फुकटच्या भरवशावर मेसेज थेट सीट घ्यायला सांगते, थेट सीट घेतली की ते फुकटच जाते. पोट्टी चार वर्षं पूर्ण फी भरेल, आणि बाप चार वर्षं महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या, पोर्टलवर ‘पात्र नाही’ वाचत बसेल. हा मेसेज पहिल्यांदा कोणी लिहिला मला माहीत नाही. पण एजंट लोकांनी मिळून एखादा मेसेज लिहायचा ठरवला असता तर याहून चांगला त्यांना जमला नसता.

आणि माफ काय होते तेही पहा. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. खोलीभाडं नाही, मेस नाही, बसभाडं नाही. आमच्या तालुक्याची पोट्टी अमरावतीला राहिली तर खोली आणि डबा मिळून महिन्याला पाच हजारांच्या खाली भागत नाही. दहा महिन्यांचे पन्नास हजार. मध्यम धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव आहे 7,710 रुपये क्विंटल. म्हणजे साडेसहा क्विंटल कापूस नुसता राहण्या-खाण्यात गेला, तोही हमीभावानं विकला गेला तर. गावात बसून खेडा खरेदीत व्यापारी काय भाव देतो ते मी कशाला सांगू.

भाऊजींचं पुढं काय झालं ते सांगतो. कॅपची नोंदणी बंद व्हायला दोन दिवस होते. भाचीला फोन करून बोलावलं, कागद काढले. डोमिसाइल होतं, जात वैधता होती, उत्पन्नाचा दाखला होता, आणि नॉन-क्रिमीलेयरचं प्रमाणपत्र 31 मार्चलाच संपलेलं. त्या दिवशी तहसीलचं सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज टाकला, पावती काढली, एफसीवर, म्हणजे कॅपच्या सुविधा केंद्रावर, कागद तपासून घेतले, संध्याकाळी साडेसहाला फॉर्म कन्फर्म झाला. टोकनचे दहा हजार अजून आलेले नाहीत. एजंट फोन उचलतो, पण म्हणतो, “साहेब गावाला गेले आहेत.”

दुसरा मुद्दा. मागासवर्गीयांना एक रुपया लागत नाही म्हणे. हे लिहिणाऱ्यानं अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे केंद्राचे 2021 चे नियम एकदा उघडून पाहावे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. फीशिवाय पोराच्या हातात जो भत्ता पडतो तो बीए, बीएस्सी करणाऱ्या आणि होस्टेलला राहणाऱ्या पोराला वर्षाला 6,000 रुपये. महिन्याला पाचशे. घरून जाणं-येणं करणाऱ्याला वर्षाचे 3,000. इंजिनीअरिंग, मेडिकलला होस्टेलवाल्याला 13,500. हा आकडा पाठ करून ठेवा आणि पुढच्या वेळी कोणी ‘त्यांचं सगळं फुकट’ म्हटलं की विचारा, बाप्पा, पाचशे रुपयांत महिनाभर तू जेवून दाखवतो का?

एक गोष्ट मात्र खरी, ती लपवत नाही. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरांसाठी स्वाधार योजना आहे, नागपूर-पुण्यात 60,000 आणि अमरावतीसारख्या ठिकाणी 51,000 रुपये वर्षाला. ज्याला मिळते त्याचं भागते. पण हप्ता परीक्षा संपल्यावर आला असं सांगणारे पोट्टेही माझ्याच दुकानात येतात, आणि तोवरचं भाडं कोणीतरी उसनवार करून भरलेलं असते.

कॉलेजं त्यांनीच भरली, हेही पाहू. केंद्र सरकारचा उच्च शिक्षणाचा सर्वेक्षण अहवाल आहे, 2021-22 चा. त्यात देशाचं उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के आहे. अनुसूचित जातींचं 25.9 आणि जमातींचं 21.2. सरासरीच्या खाली आहेत हो ते. भरली कुठं?

आणि कागदांचं काय? मागच्या महिन्यात तांड्यावरचा एक माणूस आला होता. पिशवीत पिशवी, तिच्यात पोराचे कागद. पोराला फार्मसीला जायचं होतं, जात वैधतेसाठी अर्ज भरायचा होता. विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागते, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आता यांचा बाप शाळेतच गेला नाही, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव कुठून येणार? चुलत आज्याचं नाव एका गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडलं, त्यात जात बरोबर, पण नावात एक अक्षर वेगळं. त्या एका अक्षरासाठी हा माणूस तीन वेळा तहसीलला आणि दोन वेळा यवतमाळला जाऊन आला होता. प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडाली. मेसेजच्या हिशोबात हाही ‘एक रुपया लागत नाही’ वाल्यांतलाच.

तिसरा मुद्दा, ओपनच्या गरिबाला दमडी नाही. साफ खोटं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना निम्मं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. इथंही अट कॅपचीच. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांच्या नावाची योजना, आणि अमरावती-यवतमाळातल्याच अर्ध्या लोकांना माहीत नाही. निम्मी फी म्हणजे पूर्ण नाही, हे दुखणं खरं आहे. सहा एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला उरलेली निम्मीही जड जाते. पण मग भांडण निम्म्याचं पूर्ण करण्यासाठी करा ना. शेजारच्या वस्तीतल्या पोट्ट्याच्या पाचशे रुपयांवर डोळा ठेवून तुमच्या पोराची फी कमी होणार आहे का?

कर्जाचं दोन ओळींत. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी बिनातारण, बिनाजामीन आहे, पण ती ठरावीक संस्थांतल्या प्रवेशालाच, त्यात आपल्या भागातली फार कमी कॉलेजं येतात. मॅनेजर सातबारा मागतो हे मीही पाहिलं आहे. मागितला तर नियम दाखवा, नाही जमलं तर लेखी नकार मागा. लेखी म्हटलं की पुष्कळदा त्याचा आवाज खाली येते.

पाचव्या मुद्द्यावर काय लिहू? पुण्याला गेलेले आमच्या गावचे पोट्टे कंत्राटदाराकडून बारा-बारा तास राबतात, त्यांतले दोघं यंदा डिप्लोमाचा फॉर्म भरायला परत आले होते.

भाऊजींनी मेसेज काही ग्रुपवरून काढला नाही. विचारलं तर म्हणाले, “राहू दे, अर्ध तं खरं हाये.”

दुकान सकाळी नऊला उघडते. येताना दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, जातीचे कागद, यंदाचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक आणा. जनधनचं जुनं खातं असेल तर पैसा तिकडंच जाऊन पडते, तेव्हा आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते आधी बँकेत विचारून या. आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येते तो मोबाइल मोठा पोट्टा पुण्याला घेऊन गेला असेल, तर त्याला रात्रीच फोन करून सांगून ठेवा. शिफ्टमध्ये तो फोन उचलत नाही.