मृणालताईंची नगरसेवक म्हणून कारकीर्द

समाजवादी नेत्या मृणाल गोरेंवरचा तुमचा लेख आवडला, पण 1977 च्या खासदारकीवर इतकं लिहिलंय आणि मुंबई महापालिकेतला काळ दोन ओळीत उरकलाय, ते जरा खटकलं. खरं काम तिथेच झालं ना. 1961 ला नगरसेविका झाल्या तेव्हा गोरेगावात पाण्याचे किती हाल होते ते माझ्या आजीकडून ऐकलंय, पहाटे चारला उठून नळावर हंडे लावायचे आणि नंबर येईपर्यंत पाणी गेलेलं असायचं. ताई बायकांनाच बरोबर घेऊन पालिकेवर मोर्चे न्यायच्या, म्हणून तर लोक पाणीवाली बाई म्हणायला लागले. हे नाव काही पक्षाने दिलेलं नव्हतं, गल्लीतनं आलेलं.

बायका हातात लाटणी घेऊन निघाल्या त्या महागाईविरोधी लाटणे मोर्चाला आजी पण गेली होती, त्यात ताईंबरोबर अहिल्याताई रांगणेकर होत्या, त्या ताईंसारख्या समाजवादी नव्हत्या, कम्युनिस्ट होत्या, तरी दोघी एकत्र, आणि आजी सांगायची की घरी आल्यावर त्याच लाटण्याने पोळ्या केल्या. ते लाटणं अजून आमच्याकडे आहे, एका बाजूने झिजलंय.

आणि नागरी निवारा या ताईंच्या घरांसाठीच्या चळवळीचा उल्लेखच नाही लेखात! दिंडोशीला साध्या लोकांना हक्काची घरं मिळाली ती त्याच चळवळीतून. त्यावर वेगळा लेख लिहा प्लीज, तिथले जुने रहिवासी अजून आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या.